रमाबाईंचा विश्वास आणि रमाबाईंची कामे

पुण्याच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाईंचे चरित्र बहुधा दोन तुकड्यांत सांगितले जाते. पहिल्या तुकड्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या, हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या, पुराणिकांना संस्कृतात गाठणाऱ्या विदुषी येतात. दुसऱ्यात केडगावच्या मिशनरी. पहिलीबद्दल आपल्याला अभिमान वाटतो, दुसरीचा विषय निघाला की आवाज जरा खाली येतो. या वाटणीच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते सहसा कोणी उघड बोलत नाही. १८९१ च्या सुमारास रमाबाई ‘माणसाचे तारण त्याच्या सत्कृत्यांनी होत नाही, केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने होते’ या मताला येऊन पोचल्या; आणि जिने कर्मावरचाच भरवसा सोडला तिच्यातली सुधारक तिथेच संपली, असे ते गृहीत. कागदावर हे तर्कशुद्ध दिसते. पण तारखा तपासल्या तर गोष्ट उलटी निघते. रमाबाईंच्या हातून झालेले सर्वांत मोठे, सर्वांत दगदगीचे आणि सर्वांत कमी निवडक काम १८९१ नंतरचे आहे. माझे म्हणणे असे की हा योगायोग नाही. कर्मांनी तारण मिळत नाही हे पटल्यामुळेच त्यांचे काम मोकळे झाले. हे मत त्यांनी विलायतेहून जसेच्या तसे उचलले असेही नाही. त्याची गरज त्यांना फार आधी, दुष्काळात, घरातच भासली होती.

हा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो. आणि त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र सांगते की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापक्षमेची पत्रे विकण्यावर हल्ला चढवला तेव्हा त्याचा आधार पौल होता. रोमन चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले की तारणाचा आरंभ देवाच्या कृपेनेच होतो, पण त्या कृपेला साथ देत माणसाने केलेली कामे निरर्थक नाहीत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शापले. रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांनी या प्रश्नाच्या गाभ्यावर एकवाक्यता जाहीर केली ती थेट १९९९ साली, आउग्सबुर्ग येथे. अँग्लिकन चर्चने मधली वाट धरली. त्याचे अधिकृत मत ‘केवळ विश्वासाने’ असेच होते, पण एकोणिसाव्या शतकात त्यातला एक प्रवाह पुन्हा संस्कारांकडे, व्रतस्थ जीवनाकडे आणि चर्चच्या अधिकाराकडे वळला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये आलेले काउली फादर आणि वॉन्टेजच्या सिस्टर या प्रवाहातले. रमाबाईंना ख्रिस्ती धर्म प्रथम जवळून भेटला तो यांच्याकडून, ही गोष्ट पुढच्या घटना समजून घेताना विसरता येत नाही.

परंतु त्याआधीची एक शिदोरी त्यांच्यापाशी होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून वादात सापडलेला हा माणूस पुढे सारे कुटुंब घेऊन वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत राहिला. देवळात पुराण सांगायचे, मिळालेल्या दक्षिणेतून पोटापुरते ठेवायचे, बाकीचे दानधर्मात घालायचे. स्नाने, उपास, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजने. रमाबाईंनी पुढे या आयुष्याविषयी लिहिले आहे ते चेष्टेच्या सुरात नाही. आईवडिलांच्या निष्ठेबद्दल त्यांना अखेरपर्यंत आदर होता. पण १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा घरातले सगळे द्रव्य पुण्यसंचयात गेलेले होते. मजुरी करावी तर पंडिताच्या जातीला ते शोभत नव्हते, भीक मागायची लाज होती. शेवटी रानात पाने खाऊन दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान सोडून मी आता साधी मजुरी करतो. वडील त्यातून उठले नाहीत. मागोमाग आई आणि बहीणही गेली. रमाबाईंनी या अनुभवाचा अर्थ काय लावला ते १८९७ साली त्यांनी लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत दिसते. आयुष्यभर पुण्य जमवलेली माणसे उपाशी मेली, आणि त्या घरात शेवटी खरे ‘काम’ ठरले ते भावाची हमाली, जिचा कुठल्याही पुण्याच्या खात्यात जमाखर्च होत नव्हता. रमाबाईंनी ल्यूथर वाचण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या मनात कर्म आणि तारण यांची फारकत सुरू झाली होती, असे मी म्हणतो ते यावरून.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि तिथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचताना रमाबाईंच्या लक्षात आले की एकमेकांशी न पटणारे हे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमताने बोलतात: स्त्रीला पुरुषासारखा स्वतंत्र मोक्षाधिकार नाही. म्हणजे जो कर्माचा हिशेब आईवडिलांनी इमानाने ठेवला, त्यात रमाबाईंच्या नावाचे पानच नव्हते. १८८२ साली, भाऊ आणि पती बिपिनबिहारी दोघेही गेल्यावर, तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. त्या वर्षी लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीती’त अजून स्वप्रयत्नावर पूर्ण भिस्त आहे. पुण्यातच त्यांची गाठ नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. हे चित्पावन पंडित, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले, ‘षड्दर्शनदर्पण’चे कर्ते. रमाबाईंच्या बुद्धीला समोरासमोर उत्तर देऊ शकेल असा ख्रिस्ती माणूस त्या काळच्या महाराष्ट्रात त्यांच्याखेरीज क्वचितच असेल.

१८८३ साली त्या इंग्लंडला वॉन्टेजच्या मठात गेल्या. आधी बाप्तिस्मा घेणार नाही असे म्हणत गेल्या आणि २९ सप्टेंबरला मुलीसह घेतला. काय पाहून मन वळले? त्यांनीच सांगितले आहे की लंडनजवळ फुलहॅम येथे सिस्टरांनी चालवलेला, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचा आश्रम पाहिला तेव्हा त्यांना पहिल्यांदा या धर्मात काही वेगळे जाणवले. योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई त्यांना तिथे भेटली. गंमत अशी की ‘केवळ विश्वास’ म्हणणाऱ्या धर्माकडे त्या ओढल्या गेल्या त्या एका कृतीमुळे. पण मठातल्या धर्माशी त्यांचे जमले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे; तो वाचताना दोन्ही बायकांबद्दल सहानुभूती वाटते. एकीला वाटते, शिष्या उद्धट आहे. दुसरीला वाटते, गुरूला आज्ञापालनाखेरीज काही शिकवायचे नाही. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, क्रुसावरची लॅटिन अक्षरे, शाकाहार, कशावर म्हणून वाद झाला नाही? एक धर्मनियमांचे घर सोडून आलेल्या बाईला दुसऱ्या नियमांच्या घरात भाडेकरू व्हायचे नव्हते. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे पुस्तक लिहिले, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. नियम स्पष्ट होता: धर्म शिकवायचा नाही आणि कोणाच्या धर्माला अडथळाही करायचा नाही.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले. त्याच काळात पुण्यात धर्मकृत्यांवरून एक विलक्षण खटला उभा राहिला होता. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने शहरातली बडी मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमली आणि समोर आलेला चहा कोणी घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. पाहुण्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, पेटले. शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापुढे चौकशी झाली. लोकमान्य टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली, स्वतःला गरज वाटत नसताना, मित्रांची आणि आप्तांची कोंडी सुटावी म्हणून घेतले. या प्रकरणाला आपण हसतो; मला ते तितके हास्यास्पद वाटत नाही. रानड्यांनी श्रद्धेशिवाय केलेले ते कर्म इतरांसाठी केलेले होते, आणि त्या अर्थाने सत्कृत्यच होते. पण ते काय दाखवते? शुद्धी ही बाहेरून विधीने लावता येते आणि विधी केला की हिशेब पुरा होतो, हे सुधारकांनीही व्यवहारात मान्य केले. मनात काय आहे हे त्या मंडळाने विचारलेच नाही. रमाबाईंचा प्रश्न नेमका त्या आतल्या जागेचा होता.

तो प्रश्न सुटला तो वर्षाभराने, एका पुस्तकाच्या निमित्ताने. कॉर्नवॉलमधले पाद्री विल्यम हॅस्लम यांचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हॅस्लम हे संस्कारांवर भर देणाऱ्या उच्च चर्चचे होते. १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनात बोलता बोलता त्यांना उमगले की आपल्याकडे विधी आहेत, विश्वास नाही. रमाबाईंना त्यात स्वतःचे चित्र दिसले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. आपण ख्रिस्ती धर्म घेतला पण ख्रिस्त घेतला नाही, असा त्यांच्या आत्मनिवेदनाचा आशय आहे. आपण पापी आहोत, आपल्या कामांनी देवाचे ऋण फिटणारे नाही आणि ते फेडले गेले आहे, हे त्यांनी तेव्हा मानले. मठात आज्ञापालनाने, त्याआधी घरात व्रतांनी आणि मधल्या काळात सुधारणेच्या कामाने जी लायकी कमवायची होती, ती कमवायची गरजच उरली नाही.

याचे परिणाम पुण्यात लगेच दिसले, आणि ते सगळेच चांगले नव्हते. रमाबाई मुलीसह प्रार्थना करताना दार उघडे ठेवू लागल्या. काही विद्यार्थिनी आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने हल्ला चढवला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इथे रमाबाईंची बाजू घेणाऱ्यांनीही मान्य करायला हवे की विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. संस्था तटस्थतेच्या वचनावर उभी होती आणि तटस्थतेची रेषा पुसट झाली होती. शिवाय रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हते. प्रार्थना समाजाच्या या मंडळींना एकेश्वर, सदाचार आणि लोकसेवा मान्य होती. त्यांना नको होता तो मधला तारक. त्यांच्या लेखी शारदा सदन हे एक सत्कार्य होते आणि सत्कार्याला धर्ममताची जोड लागत नव्हती. रमाबाईंच्या लेखी ते विश्वासाचे फळ झाले होते. दोघेही प्रामाणिक होते, म्हणूनच तडजोड झाली नाही.

आता १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदतकेंद्रांत एकट्या पडलेल्या मुलींचे काय होते हे पाहिले आणि त्यांना घेऊन यायला सुरुवात केली. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुणे शहरात इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, रेल्वेमार्गावरच्या केडगावातल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. काही महिन्यांत सुमारे ३०० मुली आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावातली संख्या १,९०० च्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलचे शिक्षण सुरू केले. ‘कृपा सदन’ हे नाव ज्या आश्रमाला दिले तो फुलहॅमसारख्याच, समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांचा. दरम्यान मे १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेग छावण्यांत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणली आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. विश्वासाने माणूस निष्क्रिय होतो म्हणणाऱ्यांनी हे एक वर्ष जरी डोळ्यांखालून घातले तरी पुरे.

माझ्या म्हणण्याचा खरा आधार मात्र संख्येत नाही, निवडीत आहे. शारदा सदन उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते: शिकतील, शिक्षिका होतील, समाजात उदाहरण बनतील अशा मुली. तिथली संख्या केडगावच्या मानाने लहानच राहिली. यात वाईट काही नव्हते; ज्याला कामाचे फळ दाखवायचे असते त्याने पात्र माणसे निवडणे शहाणपणाचेच. केडगावात पात्रता ही अटच उरली नाही. कोणत्याही जातीची, आजारी, म्हातारी, आंधळी, वेश्यावस्तीतून सुटलेली, चोरून खाणारी, शिव्या देणारी. आपल्यावर झालेली कृपा लायकीशिवाय झाली असे ज्याने मनापासून मानले, त्याला दाराशी उभ्या असलेल्या बाईची लायकी तपासायला उभे राहणे जड जाते. सिद्धांत आणि आचार यांचा सांधा मला इथे दिसतो. कोणी म्हणेल, दुष्काळाने भाग पाडले, सिद्धांताने नव्हे. दुष्काळ तर साऱ्या प्रांतावर आला होता. सार्वजनिक सभेच्या लोकांनी शेतकऱ्यांत फिरून त्यांना दुष्काळी कायद्याचे हक्क समजावले आणि ते काम कमी मोलाचे नव्हते. पण टाकलेल्या मुलींना जन्मभरासाठी घरात घेण्याची कल्पना दुष्काळ आपोआप सुचवत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. ‘केवळ विश्वास’ ही भाषा बोलली की इव्हँजेलिकल देणगीदार खूश होतात, म्हणून ती बोलली गेली, असे सुचवले जाते. १८९८ नंतर ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून अशा मंडळींचा पैसा केडगावला आला हे खरेच आहे. पण मत बदलले त्या वेळी, म्हणजे १८९१ ला, सदनाचा खर्च बॉस्टनची असोसिएशन दहा वर्षांच्या करारावर चालवत होती आणि तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते. युनिटेरियन लोकांना येशूचे देवत्व अमान्य आणि चारित्र्य व सत्कृत्ये हाच धर्म. अशा आश्रयदात्यांच्या पैशावर जगणाऱ्या बाईने रक्ताने झालेल्या प्रायश्चित्ताची भाषा बोलू लागणे यात लाभ कुठला? धोकाच होता, आणि १८९३ साली तो जवळजवळ अंगावर आला.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. केडगावच्या मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. उपाशी, अनाथ, दहा-बारा वर्षांच्या मुलीची संमती ती कितीशी स्वतंत्र? रमाबाईंना हा प्रश्न टोचला असावा असे त्यांच्या लेखनावरून वाटत नाही. आत्म्याचे तारण हेच त्यांच्या दृष्टीने सर्वोच्च सत्कृत्य होते आणि भाकरी त्याच्यापासून वेगळी काढता येत नव्हती. कृपा फुकट मिळते असे सांगणाऱ्या घरात राहायला मिळण्यासाठी अप्रत्यक्षपणे काहीतरी मोजावे लागत होते, हा विरोधाभास खराच. ‘विश्वासाने काम वाढले’ एवढे सिद्ध होते. ‘त्या कामाला दोष नव्हता’ हे त्यातून सिद्ध होत नाही. जून १९०५ मध्ये केडगावात जे धार्मिक जागरण झाले, त्याच्याबद्दलही हेच. रडणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना, रात्ररात्र पापांची कबुली. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांच्या लेखणीतून त्याची कीर्ती जगभर गेली आणि पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव लागले. पण त्या दिवसांत वर्ग आणि कामे विस्कळीत झाली हेही खरे. स्वतः रमाबाई पुढे हळूहळू व्यवस्थेतून अंग काढून हिब्रू-ग्रीक मुळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात बुडाल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर १९२४ साली तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडले.

एक आक्षेप घरचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. काम हिशेबातून सोडवायला ख्रिस्तच कशाला हवा? वारकऱ्यांनी कर्मठपणाला बाजूला सारून कृपेचे गाणे शतकानुशतके गायले; नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेल्याची त्यांची भावना होती. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. फळाची आस सोडून कर्म करा, हा त्याचा गाभा. आणि धोंडो केशव कर्व्यांनी तर १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, ती हिंगण्याला नेली, १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन केला; कशातच तारकाचा प्रश्न नव्हता. तेव्हा रमाबाईंची वाट एकमेव होती असे म्हणता येत नाही. ती त्यांच्यापुरती अपरिहार्य होती एवढेच म्हणता येते, कारण पंढरीची वाट त्यांच्या वाट्याला आली नाही; त्यांना मिळाले ते शास्त्र, आणि शास्त्राने त्यांना बाहेर ठेवले होते. कर्व्यांच्या आश्रमात प्रथम आल्या त्याही मुख्यतः ब्राह्मण विधवाच, हा फरक नोंदवावासा वाटतो. पण त्यावर फार भार टाकणे अन्यायाचे होईल, कारण कर्व्यांना समाजात राहून समाज हलवायचा होता आणि रमाबाईंना समाजाने आधीच बाहेर काढले होते. शिवाय कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला, ज्या वर्षी सदनावर धर्मांतराचा गिल्ला झाला त्याच वर्षी, त्यांनी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आणि नवऱ्याच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा करत हिंडल्या.